आम्ही, आपण आणि जुईचे पंख

प्रश्न असा आला आहे: ‘मी 8 ते 12 वयाच्या मुलांसाठी साधारण 38 हजार शब्दांची कादंबरी लिहिली आहे. जुई नावाची दहा वर्षांची मुलगी काका-काकूंकडे राहते. तिला कुठेच आपलं वाटत नाही. एका जुन्या झाडाच्या ढोलीतून ती बोटाएवढ्या पऱ्यांच्या जगात पोचते आणि स्वतःही तेवढीच होते. तिथे कळतं की ती परीराणीची हरवलेली मुलगी आहे. दुष्ट सावल्यांपासून ती राज्य वाचवते, तिला पंख फुटतात आणि ती कायमची तिथेच राहते. दोन संपादकांनी “शेवट भिडत नाही” म्हणून हस्तलिखित परत केलं. मुलांना वाचून दाखवलं तर मधल्या भागात ती चुळबुळायला लागतात. कुठे चुकतंय? आराखडा आणि पहिलं, आठवं व शेवटचं प्रकरण सोबत जोडलं आहे.’

तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. गेली बावीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते आणि मोठ्याने वाचल्याशिवाय मुलांच्या गोष्टीबद्दल मत द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. डोळे बरंच काही माफ करतात, जीभ करत नाही.

आधी जमलेलं सांगते. काकूंकडे येऊन दोन वर्षं झाली तरी जुई तिची पिशवी पूर्ण उपसत नाही. लागेल तो कपडा काढते, धुऊन वाळला की घडी करून पुन्हा पिशवीत. कपाटातला तिच्यासाठी मोकळा केलेला खण तसाच रिकामा. हे तुम्हाला सुचलं, म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे ते तुम्हाला आतून माहीत आहे. वाईट याचं वाटलं की शेवटच्या प्रकरणात ती पिशवी कुठेच नाही. तिच्या जागी पंख आले आहेत.

शेवट भिडत नाही तेव्हा दोष बहुधा शेवटात नसतो, फार आधी कुठेतरी असतो. तुमच्या आराखड्यात तो सहाव्या प्रकरणात दिसतो. राणी जुईच्या खांद्यावरची चंद्रकोर पाहते आणि ‘तू माझीच’ म्हणते. झालं. ‘मी कुठली?’ हा एकच प्रश्न धरून मूल पाच प्रकरणं बसलं होतं, त्याचं उत्तर त्याच्या हातात पडलं. उरलेल्या पानांत सावल्यांशी मारामारी आहे, पण ती मारामारी कुणीच मागितली नव्हती. चुळबुळ तिथून सुरू होते ना? माझा अंदाज आहे, होत असणार.

शिवाय ते उत्तर वाचणाऱ्याच्या काही कामाचं नाही. वर्गात एकटं पडणारं मूल पुस्तक मिटतं तेव्हा त्याच्या खांद्यावर चंद्रकोर नसते.

आता कुणी म्हणेल, परीकथेत हरवलेली राजकन्या चालतेच की. चालते, कारण ती इच्छा फार जुनी आहे. आपले आईबाप खरे नव्हेतच, आपण कुठल्याशा मोठ्या घरचे, चुकून इथे आलो, असं बहुतेक मुलं कधी ना कधी मनात घोळवतात. ‘तुला रस्त्यावरून उचलून आणलंय’ असं मोठं भावंड चिडवतं तेव्हा रडता रडता मनाचा एक कोपरा खूशही होत असतो. सिग्मंड फ्रॉइडने 1909 साली यावर एक छोटासा लेख लिहिला आणि या दिवास्वप्नाला ‘कुटुंबाची कादंबरी’ असं नाव दिलं. फ्रॉइडची सगळीच मतं मला पटतात असं नाही, पण त्या लेखातलं एक निरीक्षण प्रत्येक परीकथा लिहिणाऱ्याने टिपून ठेवावं असं आहे. मूल कल्पनेतल्या राजा-राणीला जे गुण देतं ते हळूच त्याच्या खऱ्या आईवडिलांकडूनच उचललेले असतात, ते त्याला जगातले सगळ्यात थोर वाटायचे त्या दिवसांतले.

म्हणून तुमची राणी मला गुळगुळीत वाटली. सुंदर, दयाळू, चंदेरी. ती जुईच्या आयुष्यातून आलेलीच नाही. राणी विचार करताना अंगठ्याने करंगळीचं नख घासते, असं एकदा लिहून बघा, आणि पहिल्या प्रकरणात काकू बिल मोजताना तेच करताना दाखवा. जुईला ते लक्षात आलं असं म्हणायची गरज नाही. वाचणाऱ्या मुलाच्या पोटात काहीतरी हलेल तेवढं पुरे.

या जुन्या इच्छेला एक काळी बाजूही आहे, ती लेखकाला माहीत असावी म्हणून सांगते. युरोपच्या लोकसमजुतींमध्ये पऱ्या माणसाचं बाळ पळवतात आणि पाळण्यात आपलं ठेवून जातात. जे बाळ वाढत नसे, बोलत नसे, सारखं रडत असे, त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे आमचं नव्हेच’ म्हणण्याची ती सोय होती. अशा बाळाला त्रास दिला की पऱ्या येऊन आपलं परत नेतील, असं मानत, आणि तसा त्रास खरोखर दिला गेल्याच्या नोंदी आहेत. 1895 साली आयर्लंडमध्ये एका नवऱ्याने आपल्या तरुण बायकोला, ही ती नव्हे, पऱ्यांनी ठेवलेली बदली आहे, असं म्हणत जाळलं. हे मुलांच्या पुस्तकात अर्थातच येणार नाही. पण ‘तू या लोकांतली नाहीसच, तू परी आहेस’ हे वाक्य तुम्ही लिहिता तेव्हा त्याला ही दुसरी धार असते. दत्तक आलेलं मूल ते वाक्य कसं ऐकेल? नातेवाइकांकडे वाढणारं?

मी स्वतः हाच खड्डा पाहिला आहे, आतून. माझ्या पहिल्या पुस्तकात एक मुलगा आजोबांबरोबर नदीकाठी राहतो आणि शेवटी पाण्यातल्या लोकांकडे कायमचा निघून जातो. मला तो शेवट फार काव्यात्म वाटला होता. पुस्तक छापून आल्यावर एका वाचनाला आठेक वर्षांची एक मुलगी पुढे बसली होती. गोष्ट संपली, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिने विचारलं, ‘मग आजोबांनी रात्री दार लावलं का?’ मी म्हटलं, ते गोष्टीत नाही. ती म्हणाली, ‘पण तो आला तर?’ मला उत्तर देता आलं नाही. ते पुस्तक आजही कुणाच्या हातात दिसलं की मला त्यातली नदी आठवत नाही, ते दार आठवतं.

तुमच्या गोष्टीतलं ते दार म्हणजे काकू. जुई ढोलीतून गेल्यावर काकू कादंबरीतून नाहीशीच होते. मूल मात्र तिला विसरत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे: चुकल्याचुकल्यासारखं होणं. जुई कुठली, हे मी एवढ्यावरून ठरवेन, की ती नसली तर कुणाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. जन्मखूण, पंख, राजवंश हे सगळं त्याच्यापुढे फिकं आहे, कारण त्या गोष्टी कुणीतरी एका वाक्यात सांगून मोकळं होतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटायला मात्र आधी दिवस जावे लागतात, सवय व्हावी लागते, म्हणजेच प्रकरणं लागतात. तुमच्या मधल्या रिकाम्या प्रकरणांचा उपयोग हाच.

याच्या शेजारीच एक फसवा शब्द उभा असतो: अडणं. ‘जुईवाचून राज्याचं अडलं होतं, तिने ते वाचवलं, म्हणून सगळ्यांनी तिला आपलं मानलं.’ असे शेवट मी शेकड्यांनी वाचले आहेत आणि दर वेळी मला त्या मुलीची भीती वाटते. उद्या तिने काही वाचवलं नाही तर? कामाला आली म्हणून आपली झाली, हा व्यवहार आहे, आणि नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलांना तो आधीच पाठ असतो. न सांगता भांडी उचलून ठेवणारी, कधीच काही न मागणारी मुलं ती हीच. तुमच्या पहिल्या प्रकरणात जुई तशी आहे. शेवटच्या प्रकरणातही ती तशीच आहे, फक्त भांड्यांऐवजी राज्य उचलते.

मग मधे काय लिहायचं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या गोष्टीतली सगळ्यात मोठी न वापरलेली ठेव इथे आहे. तुमच्या पऱ्या बोटाएवढ्या आहेत, पण वागतात माणसाएवढ्या. त्या खुर्च्यांवर बसतात, पावसात छत्र्या उघडतात, कड्यावरून पडण्याला घाबरतात. खरंच एवढंसं शरीर असलं तर जग असं नसतं.

जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाचा प्राण्यांच्या आकारावर 1926 सालचा एक निबंध आहे. त्यात तो म्हणतो की माणूस आंघोळ करून बाहेर येतो तेव्हा अंगावर साधारण अर्धा किलो पाणी घेऊन येतो. भिजलेला उंदीर जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी वाहत असतो. माशी भिजली तर स्वतःच्या कितीतरी पट, म्हणून माशीसाठी पाणी पिणं हा जिवावरचा खेळ असतो. पडण्याचं नेमकं उलटं. उंदीर खोल खाणीत वरून खाली पडला तरी तळ पुरेसा मऊ असला तर किंचित हादरतो आणि चालू लागतो. आकार लहान होत जातो तसं वजन झपाट्याने घटतं, पण त्वचेचा पसारा त्या मानाने कमी घटतो. सगळी गंमत आणि सगळे धोके या एका हिशेबातून निघतात.

म्हणजे तुमच्या परीला कड्याचं भय नसणार, थेंबाचं असणार. पावसाचा एक थेंब अंगावर पडला की तो ओघळून जाणार नाही, चिकटून बसेल आणि तिला जमिनीवर दाबून धरेल. कुणीतरी दुसऱ्याने तो फोडल्याशिवाय सुटका नाही. दवात पाय घालणं म्हणजे दलदलीत पाय घालणं. आणि भूक! जगातल्या सगळ्यात छोट्या सस्तन प्राण्यांत जिची गणना होते ती एट्रस्कन चिचुंद्री सुमारे 2 ग्रॅमची असते आणि दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त खाते, कारण एवढ्याशा अंगातली ऊब सतत बाहेर निसटत असते. गुणगुण्या पक्ष्यांच्या अनेक जाती रात्री शरीराचं तापमान खाली आणून जवळजवळ बधिर होतात, नाहीतर सकाळपर्यंत तग धरणार नाहीत. तुमच्या पऱ्या आठव्या प्रकरणात दिवसातून एकदा मध चाखतात. त्या दुपारपर्यंत मरतील हो.

तुमच्या दुष्ट सावल्यांबद्दल वेगळं काही लिहीत नाही. ज्या जगात पाऊस आहे तिथे त्यांची गरज नाही.

आता या हिशेबातून तुमच्या विषयाकडे येऊ. एवढी छोटी ऊबदार शरीरं रात्र कशी काढतील? एकत्र. रेन नावाचा चिमुकला पक्षी कडाक्याच्या थंडीत हेच करतो. पक्ष्यांसाठी टांगलेल्या एकाच लाकडी पेटीत 60हून अधिक रेन दाटीवाटीने झोपलेले मोजले गेले आहेत. तेव्हा तुमच्या पऱ्यांनी रात्री ढीग करून झोपावं. मऊ, श्वास घेणारा, कुरकुरणारा ढीग. आणि ढीग आला की लगेच प्रश्न येतात. मध्यभागी कोण झोपतं, कडेला कोण? कडेच्यांची पाळी बदलते का? नव्याने आलेलीने कुठे शिरायचं? कुणाची कोपरं टोचतात, कोण झोपेत लाथा मारतं, कुणाच्या शेजारी झोपायला सगळे टाळतात?

बघा, ‘आपली जागा’ हा जो तुम्हाला सांगायचा विषय आहे, तो आता अक्षरशः वीतभर जागा झाला. पहिल्या रात्री जुई ढिगाबाहेर, एका वाळक्या पानाखाली, कुडकुडत. मग कडेला. मग कधीतरी, लक्षातही न येता, आत. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. भावंडांबरोबर एका पांघरुणात झोपलेल्या किंवा तसं झोपायला न मिळालेल्या प्रत्येक मुलाला ढीग कळतो.

आणि मग एका रात्री जुईला ढिगात नसू द्या. कारण काहीही शोधा, ती वाट चुकली, रुसली, काकूची आठवण येऊन ढोलीकडे गेली. दुसऱ्या संध्याकाळी ती परत येते तेव्हाचा प्रसंग, तुमच्या निंबूला, त्या परीमुलग्याला, बोलतं करून, मी असा लिहीन:

‘काल गार होतं,’ निंबू म्हणाला.
‘पानं कमी पडली?’
‘पानं होती.’ तो पडल्या पडल्या थोडा सरकला. ढिगात एक भोक होतं, साधारण जुईच्या मापाचं. ‘चल ये. आपण लवकर झोपू या. उद्या पाऊस आहे.’

एवढंच. राणी नको, तुताऱ्या नकोत. निंबूने कसला शब्द वापरला, तो बघा. यावर मला बोलायचंच होतं, कारण मराठीत लिहिणाऱ्याला हे ताट आयतं वाढून मिळालं आहे आणि आपण त्याकडे बघतही नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे ‘वुई’ एकच. ऐकणारा त्यात आहे की बाहेर, हे त्याला दुसऱ्या कशावरून तरी सुचवावं लागतं. आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि तीन वर्षांचं मूलही त्यांत गोंधळत नाही. ‘आम्ही झोपतो’ म्हणजे तू सोडून आम्ही. ‘आपण झोपू या’ म्हणजे तुझ्यासकट. जिच्या गोष्टीचा विषयच आतलं आणि बाहेरचं हा आहे, तिला याहून धारदार हत्यार मिळणार नाही. तुमच्या आठव्या प्रकरणात पऱ्या जुईशी बोलताना हे दोन्ही शब्द कसेही येतात. सगळं हस्तलिखित घेऊन बसा, पऱ्यांच्या तोंडचा प्रत्येक ‘आपण’ लाल करा आणि त्या रात्रीच्या आधीचे सगळे काढून टाका. ‘आम्ही दव पडायच्या आत परततो.’ ‘आम्ही लोखंडाला शिवत नाही.’ ‘आम्हाला तुझी भाषा येते, तुला आमची येत नाही.’ शंभरेक पानं हा ‘आम्ही’ ऐकून ऐकून वाचणाऱ्याच्या कानाला तो टोचायला लागला पाहिजे, का टोचतोय ते न कळता. मग निंबूचा तो एक ‘आपण’ येऊ द्या. जुई तो ऐकून थबकली, तिचे डोळे भरून आले, असं काही लिहू नका. तिला पेंगुळलेली राहू द्या.

याच शब्दाचं दुसरं टोक राणीला द्या. दरबारी ‘आपण’! ‘आपण कुठून आलात? आपण विश्रांती घ्यावी.’ अक्षरं तीच, पण हा ‘आपण’ माणसाला हातभर लांब बसवतो. पहिल्या भेटीत राणी जुईशी असं बोलते आणि जुईला, बिचारीला, आयुष्यात पहिल्यांदा कुणी इतक्या मानाने बोललं म्हणून हुरळायला होतं. मानाचा आणि मायेचा, एकाच शब्दातले हे दोन ‘आपण’ ती हळूहळू ओळखायला शिकते. तुम्ही ते कुठेही समजावू नका. नऊ वर्षांचा वाचक पकडतो, मी पाहिलं आहे.

तिसरी सोय नपुंसकलिंगाची. ढोलीतून एक अवाढव्य (मग आकसत गेलेलं) काहीतरी पडलं की पऱ्या त्याला काय म्हणतील? ‘ते.’ ‘ते काय खातं?’ ‘ते चावतं का?’ ‘अय्या, ते बोलतं!’ निवेदनात जुई पहिल्यापासून ‘ती’ आणि संवादांत ‘ते’. हे विनोदी आहे, मुलं खिदळतील, आणि हसता हसता त्यांना थोडं वाईटही वाटेल. पहिल्यांदा ‘ती’ कोण म्हणतं, हे मात्र नीट विचार करून ठरवा. माझं मत, जो तिच्यावर चिडलेला आहे त्याने म्हणावं. भांडताना. ‘तिला सांगा, माझ्या पानावरून ऊठ म्हणावं!’ राग येण्याइतकी ती आता कुणीतरी झाली.

राहिला शेवट. जुईने तिथे राहावं की परत यावं?

दोन जगांत अडकलेल्या बायकांच्या गोष्टी जगभर आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर सीलचं कातडं उतरवून बाई होणाऱ्या सेल्कींच्या कथा सांगतात. कुणी ते कातडं लपवतो, तिच्याशी लग्न करतो, मुलं होतात, आणि एक दिवस कातडं सापडलं की ती मागे न बघता समुद्रात जाते. जपानी कथांत पिसांचं वस्त्र लपवतात. आपल्याकडे उर्वशी अटी घालून पुरूरव्याकडे राहते, अट मोडली की जाते, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या संवादसूक्तात तो तिला थांब म्हणून विनवतो तेव्हा ती ठाम नकार देते. या सगळ्या कथांना एक गोष्ट चांगली कळलेली आहे: जाण्याची वाट बंद करून कुणाला ठेवून घेतलं, तर ते त्याचं घर होत नाही. तुमच्या शेवटी राणी ढोली कायमची बुजवते, सावल्या येऊ नयेत म्हणून. जुईच्या बाजूने बघा, ते लपवलेलं कातडंच आहे.

म्हणून ढोली उघडी ठेवा. उघडी ठेवली की जुई कुठे राहते याला जरा कमी महत्त्व येतं आणि श्वास घ्यायला जागा मिळते. माझा कल ती परत येण्याकडे आहे, पण ‘शेवटी आपलं घर ते आपलं’ असं म्हणायला तिला परत आणू नका. तसं असेल तर मधली दोनशे पानं वाया गेली. ती परत येते कारण आता तिला चुकल्याचुकल्यासारखं होणं म्हणजे काय ते ढिगातल्या भोकावरून कळलं आहे, आणि काकूच्या घरात तसंच भोक असेल अशी शंका तिला पहिल्यांदाच येते.

तिथे काळाची जुनी युक्ती कामाला येईल. परीलोकातून परतणाऱ्याला इकडे भलताच काळ लोटलेला सापडतो. आयरिश दंतकथेतल्या ओशीनला तीन वर्षं वाटली आणि तीनशे गेली होती, घोड्यावरून जमिनीवर पडताच तो जख्ख म्हातारा झाला. जपानी उराशिमा तारोही समुद्राखालच्या महालातून परत आला तेव्हा त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. एवढं क्रूर व्हायची गरज नाही. जुईच्या पाच रात्री म्हणजे इकडचे अकरा दिवस, इतकंच करा. अकरा दिवस काकूने काय केलं? त्याचं एक प्रकरण लिहा, संपूर्ण पुस्तकात एकदाच जुईचा खांदा सोडून. काकूला रडवू नका. ती रिकाम्या खणासमोर उभी आहे आणि त्यात काय ठेवावं ते तिला कळत नाही, बस. रात्री दाराची कडी लावायला जाते आणि न लावताच परत येते. हो, हे मी माझ्यासाठी मागते आहे. पण तुमच्या गोष्टीतही ते बसतं.

पिशवीचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एकच विनंती, ती काकूने उपसू नये.

पंखांबद्दल. ते काढून टाकायचे असतील तर परंपरेला धक्का बसेल अशी चिंता नको. जुन्या लोककथांतल्या पऱ्यांना बहुतेक पंख नाहीतच. ते चित्रकारांनी आणि रंगभूमीने चढवले, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. 1832 मध्ये पॅरिसमधल्या एका गाजलेल्या बॅलेत वनपरीच्या पाठीवर छोटे पंख आले आणि एकोणिसाव्या शतकभर ते तिथेच चिकटून राहिले. इतर पऱ्यांना असू देत, जुईला फुटायला नकोत. पंख नसलेल्या मुलीला ढिगात एक फायदा असतो, तिच्याजवळ झोपायला पाठ मोकळी मिळते. मुलांना हे आवडेल.

आणखी एक भाषेची अडचण, जी तुम्ही निंबूला ‘परीमुलगा’ म्हणून टाळली आहे. परी शब्द फारसीतून आला. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, अवेस्तेतल्या पइरिका या तर चांगल्याच दुष्ट होत्या, सौंदर्य त्यांना नंतर मिळालं. पण आपल्याकडे येईपर्यंत तो शब्द इतका स्त्रीलिंगी झाला की पुरुष परीला नावच उरलं नाही. ‘परा’ म्हटलं की मुलं फिस्सकन हसतात, ‘परीमुलगा’ पोस्टाच्या पत्त्यासारखा वाटतो. मी म्हणेन, पऱ्यांनी स्वतःला परी म्हणूच नये. तो शब्द जुई बरोबर घेऊन येते, पुस्तकांतून. त्यांचं स्वतःसाठीचं नाव दुसरंच काहीतरी असू द्या, किंवा नुसतंच ‘आम्ही’. ते तर फारच छान होईल.

लांबीची काळजी नको. सावल्या गेल्या की सात-आठ हजार शब्द आपोआप गळतील, ढीग, पाऊस आणि काकू त्यातले निम्मे परत घेतील. दुसरा खर्डा झाला की दहा-बारा मुलांना वाचून दाखवा आणि तुम्ही वाचत असताना कुणातरी दुसऱ्याला मुलांकडे बघत बसवा. हातात हस्तलिखिताची प्रत, चुळबुळ झाली की समासात नुसती रेघ. मुलांना ‘आवडलं का?’ विचारू नका, ती सभ्यपणे हो म्हणतात.

एक शेवटचं. आठव्या प्रकरणातली ती बहिरी म्हातारी, जी जुईला प्रत्येक वेळी ‘सुई’ म्हणते आणि लोखंडाचं नाव ऐकून बाकीच्या सगळ्या दचकतात, तिला अजिबात हात लावू नका. पुस्तकातली सगळ्यात जिवंत व्यक्ती ती आहे. शेवटाकडे तिने एकदा तरी नाव बरोबर घ्यावं, असा मोह तुम्हाला होईल. घेऊ देऊ नका. जुई निघताना सगळ्या ‘जुई, जुई’ करत असतील, आणि मागून कुठूनतरी ती एकटीच ओरडेल, ‘सुई, उद्या पाऊस आहे गं!’ मागे वळून बघायचं ते जुईने त्याच हाकेला.